चाकांचा न दिसणारा खर्च



रुग्णालयाच्या जमाखर्चात औषधे, वेतन, वीज व दुरुस्ती यांची स्वतंत्र शीर्षे असतात. ‘नादुरुस्त चाके’ असे शीर्ष कोठेही नसते. तथापि स्ट्रेचर, चाकाची खुर्ची, जेवणाची ट्रॉली व ऑक्सिजन सिलिंडरची गाडी यांच्या बिघडलेल्या चाकांपायी पैसा खर्च होतच असतो. तो निरनिराळ्या शीर्षांत विखुरला गेल्याने नजरेस येत नाही, इतकेच.

चाक एकाएकी निकामी होत नाही. आसाभोवती केस व धागे गुंडाळले जातात, बेअरिंगमधील वंगण आटते, रबर एका बाजूस झिजून सपाट होते. पालघर-बोईसर पट्ट्यात समुद्राकडील खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांची त्यात भर पडते. जंतुनाशक म्हणून वापरले जाणारे हायपोक्लोराइटचे द्रावणही लोखंड गंजविते. अशी गाडी सरळ जात नाही. ती हलविताना कर्मचाऱ्याच्या कमरेवर व खांद्यावर ताण येतो.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. एका स्ट्रेचरच्या दिवसाकाठी 20 फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीस 2 मिनिटे अधिक लागतात, असे धरल्यास वर्षाला 14,600 मिनिटे, म्हणजे सुमारे 243 तास होतात. आठ तासांच्या तीस पाळ्यांचे वेतन अशा रीतीने एकाच स्ट्रेचरवर खर्ची पडते. दुसरा माणूस मदतीस घ्यावा लागल्यास तो वेळ वेगळाच. पाठदुखीची रजा, बदली कर्मचाऱ्याचे वेतन, तडकलेल्या लाद्या व भिंतींचे उडालेले पोपडे यांची नोंद अन्यत्र होते. चाकाशी त्यांचा संबंध कोणी जोडत नाही.

एका बाबीचे मोल मात्र रुपयांत होत नाही. हाड मोडलेल्या रुग्णास लिफ्टच्या उंबऱ्यावर बसणारा प्रत्येक हादरा वेदना देतो. ब्रेक न लागणाऱ्या स्ट्रेचरवरून खाटेवर घेताना रुग्ण पडण्याचा धोका असतो.

तारापूर औद्योगिक वसाहतीतील रासायनिक, औषधी व कापड कारखान्यांनाही हाच हिशेब लागू पडतो. 200 लिटर पाणी भरलेल्या पिंपाचे वजन दोनशे किलोंहून अधिक होते. असे पीप वाहणारी गाडी वाटेत अडली, तर कामगाराच्या कमरेस इजा होऊ शकते. रसायन असल्यास सांडण्याचेही भय असते. इजा होईल इतके अवजड ओझे कामगारास वाहावयास लावू नये, हे तत्त्व 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 34 मध्ये नमूद होते. चाक बिघडले की पेलण्याजोगे ओझेही अवजड होते.

उपाय साधे आहेत. प्रत्येक गाडीस क्रमांक द्यावा. महिन्यातून एकदा चाके साफ करून, वंगण घालून ब्रेक तपासावेत. अडखळणाऱ्या गाडीस कर्मचाऱ्याने लाल पट्टी बांधावी व ती दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. सुटी चाके भांडारात शिल्लक ठेवावीत. नवी खरेदी करताना किमतीसोबत चाकाचा व्यास व भारक्षमताही पाहावी. मोठे चाक उंबरा सहज ओलांडते.

देणगीदार स्ट्रेचर देतात, त्यावर त्यांचे नाव कृतज्ञतापूर्वक कोरले जाते. त्या दानाचा लाभ रुग्णास वर्षानुवर्षे मिळावयाचा, तर देखभालीसाठीही तरतूद हवी. ज्यांना मोठी वस्तू देणे शक्य नाही, त्यांनी चार चाकांचा भार उचलला तरी ती रुग्णसेवाच ठरेल, अशी नम्र विनंती.