विश्लेषण : बाइक ट्रायलचा मार्ग अवघड, पण सुरक्षित कसा आखतात?

शिरपूर सोडून सातपुड्याकडे निघाले की काळ्या दगडाचे चढ, मुरूम आणि पावसाळ्यानंतर कोरडे पडणारे नाले लागतात. बाइक ट्रायल या खेळाला अशीच जमीन हवी असते. मात्र नुसती जमीन असून भागत नाही. मार्ग आखणाऱ्याचा अंदाज चुकला, तर स्वाराचे हाड मोडते.

ट्रायल ही शर्यत नव्हे?

नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात सुपरक्रॉस लीग झाली, तो वेगाचा आणि उड्यांचा खेळ. ट्रायलमध्ये वेगाला महत्त्व नसते. दगड, चढ, ओहोळ असलेल्या छोट्या टप्प्यातून, म्हणजे सेक्शनमधून, जमिनीला पाय न लावता बाहेर पडायचे. पाय एकदा टेकला तर १ दंडगुण, दोनदा टेकला तर २, त्याहून अधिक वेळा टेकला तर ३. पडलात किंवा आखलेल्या हद्दीबाहेर गेलात की थेट ५. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो जिंकला. यासाठीच्या गाड्यांना बसायला सीटच नसते आणि वजन जेमतेम ७० किलोच्या आसपास. इंग्लंडमधील यॉर्कशरची स्कॉट ट्रायल १९१४ पासूनची आहे. स्पेनच्या टोनी बोउने या खेळात ३० हून अधिक जागतिक विजेतेपदे मिळवली आहेत.

अवघडपणा आणायचा कुठून?

नवखा आयोजक पहिली चूक इथेच करतो : उंच खडक शोधतो. जाणकार वळण शोधतो. गुडघाभर उंचीचा दगड सरळ रेषेत आला, तर सराव असलेला स्वार सहज चढतो. त्याच दगडाआधी अर्ध्या गाडीइतक्या जागेत वळायला लावले, तर धाव घ्यायला जागा उरत नाही आणि तोल सांभाळताना पाय टेकतोच. नाल्यातले गोल गोटे चाकाखालून सरकतात, घट्ट बसलेला खडक पकड देतो, सुटा मुरूम दहा स्वार गेल्यावर उकरला जातो. म्हणून पहिल्याला आणि शेवटच्याला शक्य तितका सारखाच मार्ग मिळेल, हे पाहावे लागते.

सगळेच शून्यावर सुटले किंवा सगळेच ५ घेऊन बाहेर आले, तर तो सेक्शन फसला. शून्य, एक, तीन, पाच असे सगळे आकडे दिसले, तर आखणी जमली. एकाच सेक्शनमध्ये वेगळ्या रंगांचे बाण लावून नवख्यांना सोपी आणि कसलेल्यांना अवघडातली वाट देता येते.

पडणारा कुठे पडेल?

आखताना खरा प्रश्न हाच. प्रत्येक अडथळ्याशी उभे राहून पाहायचे : गाडी इथे थांबली, मागे घसरली, तर स्वार कुठे जाईल आणि त्याच्या अंगावर काय येईल? कठीण वळण जमिनीलगत ठेवायचे, उंचावर मार्ग सोपा करायचा. पडण्याच्या बाजूचे टोकदार दगड, झाडाचे बुंधे, जुन्या बांधकामाच्या सळ्या काढायच्या. निघत नसतील तर मार्गच हलवायचा. उंच पायरीवर गाडी धरायला मदतनीस उभा हवा. इंजिन लगेच बंद करणारी, मनगटाला बांधायची दोरी प्रत्येक स्वाराकडे हवी. प्रेक्षकांची दोरी उताराच्या खाली कधीच नको, कारण सुटलेली गाडी तिकडेच येते. खांदेशातल्या उन्हात काळा दगड तापतो, त्यामुळे सावली, पाणी आणि रुग्णवाहिका आत येईल अशी वाट हवी.

शिरपूर परिसरात कुठे नको?

‘शिरपूर पॅटर्न’मध्ये खोल-रुंद केलेले नाले दिसायला मोहात पाडतील, पण उभे काठ, खाली पाणी, आणि ते काठ उकरले तर नुकसान शेतकऱ्याचे. अनेर धरण अभयारण्याच्या हद्दीत तर विचारही नको. एका सेक्शनहून दुसऱ्याकडे जाताना सार्वजनिक रस्ता लागत असेल, तर तिथे घाई करायला वाव नाही : राज्य सरकारच्या लेखी परवानगीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगचाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. खासगी पडीक जमीन, मालकाचा लेखी होकार आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी एका जाणत्या स्वाराने प्रत्येक सेक्शन चालवून पाहणे, इतके तरी आधी जमवावे.