नळीबरोबर हलणारी माशी

एनसीसीच्या कॅम्पात पालथं पडून ज्यांनी ‘पॉइंट टू-टू’ चालवली, त्यांना मागची खाच आणि पुढची माशी जुळवण्याची खटपट आठवत असेल. मढमधले माझ्या ओळखीचे एक काका साठी उलटल्यावर पुन्हा त्याच खटपटीत पडलेत. त्यांची परवान्याची जुनी .22 रायफल मधोमध सुटते. नळी एकीकडे, दस्ता आणि खटका दुसरीकडे. डोळ्यांना आता माशी धूसर दिसते, म्हणून नवी साइट हवी.

अशा सुटणाऱ्या रायफली नव्या नाहीत. जॉन ब्राउनिंगची .22 ही 1914 ची रचना. अमेरिकेत लोक ती पिशवीत घालून सशामागे जातात. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने तो विषयच संपवलाय, उरलं कागदाचं टार्गेट. आणि रायफल दोन तुकड्यांत नेली म्हणून परवान्याचं काम अर्धं होत नाही, हेही सांगून ठेवतो.

दुकानदार पहिली काढतो ती दुर्बीण. काकांनीही एक उसनी आणली आणि खटक्याच्या भागावरच्या खाचेत कसली. रेंजवर 50 मीटरवर पाच गोळ्या मारल्या. मग जोड सोडला, कपड्याने पुसला, परत बसवला, पुन्हा पाच.

“बघ, कसा घट्ट ग्रुप आलाय!”

“काका, पण तो उजवीकडे सरकलाय.”

सरकला होता खराच. पाचही भोकं एकमेकांना चिकटून, पण पहिल्या पाचांपासून चांगली दोन बोटं लांब. काकांनी नळी हातात घेऊन जोडाची कड अंगठ्याने चाचपली. एका बाजूला पोलाद घासून चकाकत होतं. जुन्या जोडाला तिथे केसभर खेळ होता. आता हिशेब मांडा. अर्ध्या मीटरच्या नळीचं तोंड फक्त 0.1 मिमी कललं, तरी 50 मीटरवर गोळी 10 मिमी सरकते. ऑलिंपिकच्या 50 मीटर टार्गेटवर दहाचं वर्तुळच 10.4 मिमी व्यासाचं असतं. दुर्बीण खटक्याच्या भागावर, गोळी नळीतून. नळी कलली याचा दुर्बिणीला पत्ताच नाही.

मूळच्या लोखंडी साइटवर ग्रुप ऐसपैस पडला, पण जागा सोडली नाही. खाच आणि माशी दोन्ही नळीवर, त्यामुळे नळी कलली की नेमही तिच्याबरोबर कलतो. दुर्बीणच हवी असेल तर पट्टी नळीवर बसवून घ्यावी. तीही .22 साठीची घ्यावी, कारण मोठ्या रायफलींच्या दुर्बिणींचं पॅरॅलॅक्स बहुधा 100 यार्डांना जुळवलेलं असतं. 50 मीटरवर डोळा जरा हलला की काटा टार्गेटवर फिरतो. शिवाय मढची हवा. पावसाळ्यात इथे कपाटातल्या कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी चढते, स्वस्त दुर्बिणीची काय कथा! रेड डॉट हलका आणि सोपा, पण काकांच्या डोळ्यांत अ‍ॅस्टिग्मॅटिझम असल्याने त्यांना तो ठिपक्याऐवजी फुटलेला तारा दिसतो.

उरली पीप साइट, डोळ्याजवळची बारीक भोकाची चकती. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पिनहोलमधून अक्षरं एकदम स्पष्ट झालेली पाहिली असतील. तीच करामत इथे. माशी आणि टार्गेट दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांनी कांस्य जिंकलं तेही पीपवरच. या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही.

पीप खटक्याच्या भागावर बसते, म्हणजे दुर्बिणीचंच दुखणं, असं मला वाटलं होतं. फरक माशीचा आहे. ती नळीच्या टोकाला असते, नळी कलली की तीही सरकते, आणि नेम धरताना आपण तिच्यामागे जातो, म्हणून चूक बरीचशी भरून निघते. पूर्ण नाही, जोडाचं कडं आवळून खेळ काढावाच लागतो. उजेड कमी असेल तर आतली चकती काढून मोठ्या भोकातून बघायचं. भिंग नाही, म्हणून बुरशी नाही. स्क्रूंना मात्र खारा वारा खातो, त्यांना तेलाचं बोट हवंच.

काकांनी पीपच घेतली, आणि माझ्या मते बरोबर केलं. तुम्ही काहीही घ्या, पण आधी रेंजवर एक ग्रुप मारा, रायफल सोडा, जोडा, दुसरा मारा. दोन्ही एकाच जागी पडले तरच पैसे द्या.