झाकली मूठ आणि उघडा कॅमेरा

दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की पुढचा तासभर माझा हक्काचा. मला दुपारी झोप येत नाही, पुस्तक लागतं. आणि खरं सांगू का मैत्रिणींनो, त्या वेळी मला ना पाककृती हव्या असतात, ना अध्यात्म. मला लागतो खून! हसू नका हं. शेजारच्या काकू तर तोंडावर म्हणतात, "अगं, शाळेत मुलांना शिकवतेस आणि घरी बसून हे काय वाचतेस?" पण काय करणार? आजोळी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा ट्रंक भरून होत्या. त्या वाचतच मी मोठी झाले. पुढे बी.ए.ला इंग्रजी घेतलं, अगाथा ख्रिस्ती भेटली, आणि हे व्यसन कायमचं जडलं.

अलीकडे पुतण्यानं पुण्याहून तीन इंग्रजी कादंबऱ्या आणून दिल्या. त्यांची जात जरा निराळी आहे. त्यांत कुठे खून आहे, कुठे घराचं जुनं गुपित आहे, आणि तिन्हींत घरात शिरलेला टीव्हीचा कॅमेरा आहे. 'रिॲलिटी शो' तुम्हाला सांगायला नको. हिंदी 'बिग बॉस' २००६ साली सुरू झालं, मराठी २०१८ साली. "काय बाई ही भांडणं!" असं म्हणत म्हणत, हातातली भाजी निवडायची थांबवून, आपण ते पाहिलेलंच आहे.

पण हे खूळ आजचं नाही. १९७१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा गावी लाऊड नावाच्या कुटुंबात कॅमेरेवाले शिरले आणि सात महिने तिथेच राहिले. नवरा बिल, बायको पॅट आणि पाच मुलं. सुमारे तीनशे तासांचं चित्रण झालं. त्यातून बारा भाग काढून १९७३ साली 'ॲन अमेरिकन फॅमिली' नावानं दाखवले गेले. त्यात काय दिसलं? पॅट नवऱ्याला घटस्फोट मागतेय, तोही साऱ्या देशासमोर! घरोघरी त्यांचीच चर्चा. पुढे ते कुटुंब म्हणालं, आमचे हसते दिवस कापून टाकले आणि रडते तेवढे ठेवले. तीनशे तासांतले बारा तास कोणते, हे ठरवणारा माणूस घरचा नव्हता ना! आणि गंमत पाहा. पुढे थोरला मुलगा २००१ साली वारला, तेव्हा त्याच्या इच्छेखातर हे घटस्फोटित आईबाप पुन्हा एका छपराखाली राहायला आले. ते पाहायला मात्र तेव्हासारखा सारा देश जमला नव्हता.

१९९९ साली हॉलंडमध्ये 'बिग ब्रदर' सुरू झालं आणि मग असे कार्यक्रम जगभर पसरले. त्यांच्या मागोमाग कादंबरीकारही आले.

तीन घरं, तीन कॅमेरे

पहिलं पुस्तक बेन एल्टन या इंग्रज लेखकाचं, 'डेड फेमस', २००१ सालचं. एका बंद घरात दहा स्पर्धक, तीस कॅमेरे, चाळीस मायक्रोफोन. आणि एवढं सगळं चालू असताना त्या घरात खून होतो! केला कुणी ते मात्र कळत नाही. तपासाला येतो एक जुन्या वळणाचा इन्स्पेक्टर. त्याला असल्या कार्यक्रमांचा मनापासून तिटकारा, पण खुनी शोधायचा तर तासन् तास त्याच फिती पाहत बसणं भाग. कादंबरी विनोदी अंगानं जाते, पण एका जागी माझं हसू थांबलं. खुनानंतर कार्यक्रम बंद पडत नाही. उलट प्रेक्षक वाढतात!

दुसरं पॉल ट्रेम्ब्ले या अमेरिकन लेखकाचं, 'अ हेड फुल ऑफ घोस्ट्स', २०१५ सालचं. ही रहस्यकथा कमी आणि भयकथा जास्त, तेव्हा घरात एकटी असाल तर वाचू नका. वडिलांची नोकरी गेलेली. चौदा वर्षांची थोरली मुलगी विचित्र वागायला लागते. आजार म्हणावा की बाहेरची बाधा, यावर आईवडिलांचं एकमत होत नाही. औषधपाण्याचा खर्च डोक्यावर, घराचे हप्ते थकलेले. मग पैशांसाठी ते आपल्या आजारी लेकीवर टीव्हीची मालिका करू देतात. हे सगळं सांगते धाकटी बहीण. तेव्हा ती आठ वर्षांची होती, सांगते आहे ती पंधरा वर्षांनंतर. मुलगी खरंच आजारी आहे, झपाटलेली आहे, की कॅमेऱ्यासाठी नाटक करते आहे? वाचताना आपण सारखे तोल सावरत राहतो. मला त्या बापाचा राग आला, आणि लगेच वाटलं, थकलेला हप्ता आणि घरातलं दुखणं एकदम आलं तर माणूस काय काय विकत नाही?

तिसरं पुस्तक मला सर्वांत आवडलं. कॅरा हंटर या इंग्रज लेखिकेचं, 'मर्डर इन द फॅमिली', २०२३ सालचं. २००३ साली लंडनमधल्या एका श्रीमंत घराच्या बागेत ल्यूक रायडर नावाच्या तरुणाचं प्रेत सापडतं. त्या घरच्या, वयानं बऱ्याच मोठ्या बाईशी त्यानं लग्न केलेलं. म्हणजे तिच्या तीन मुलांचा तो सावत्र बाप. खुनी सापडत नाही. वीस वर्षांनी त्या मुलांतलाच धाकटा, गाय, मोठा होऊन टीव्हीसाठी मालिका करतो: आमच्या घरातला खून कुणी केला? जुने पोलीस, वकील, मानसशास्त्रज्ञ, पत्रकार अशी तज्ज्ञ मंडळी कॅमेऱ्यासमोर बसून जुनं सगळं उकरतात. सबंध पुस्तक मालिकेची संहिता, निरोप आणि वर्तमानपत्रांची कात्रणं यांतूनच पुढे सरकतं. शेवट सांगत नाही, नाहीतर तुम्ही मला शिव्या द्याल! पण वाचताना एक गोष्ट जाणवत राहिली. खुन्याइतकंच त्या घराचं मौनही बघण्यासारखं आहे. प्रत्येकाला थोडं थोडं ठाऊक असतं, आणि प्रत्येक जण आपल्यापुरतं झाकून ठेवतो.

आणि चौथं घर

पुस्तक मिटलं आणि मला आमचंच घर आठवलं. आता हे लिहू की नको, असं चार वेळा झालं. पण आईची परवानगी घेऊन लिहिते आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलीला शाळेत 'माझे कुटुंब' असा उपक्रम होता. चौथीतली पोर, हातात माझा फोन, समोर तिची आजी, म्हणजे माझी आई, आणि मांडीवर जुना अल्बम. एकेक फोटो दाखवत मुलाखत चाललेली. दोन वेण्या घातलेल्या एका मुलीचा फोटो आला.

"आजी, ही कोण?"

"ती माझी चुलत बहीण. लग्नानंतर वर्षभरात गेली बिचारी. स्टोव्हचा भडका उडाला."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. आई तेच म्हणते, मावशी तेच म्हणते, आजीही तेच म्हणायची. शब्द इकडचा तिकडे नाही. मी शिक्षिका आहे. चार वह्यांत एकच उत्तर, तेही त्याच शब्दांत दिसलं, की मला लगेच कळतं, हे कुणाचं तरी उतरवलेलं आहे. घरातल्या वाक्याच्या बाबतीत मात्र इतकी वर्षं माझ्या डोक्यात आलं नव्हतं!

पोरीनं पुढचा प्रश्न विचारला, "आजी, स्टोव्ह म्हणजे काय गं?" तिनं कुठे पाहिलाय? आई कौतुकानं सांगायला लागली. पितळी टाकी, पंप, पिन, आणि त्यात रॉकेल... तिथेच तिचा आवाज अडला. "बंद कर गं ते," एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली.

रात्री मागचं आवरताना ती माझ्याशी बोलली. १९८४ सालची गोष्ट. मावशी जायच्या आठ दिवस आधी आईला तिचं आंतर्देशीय पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं, इकडे रेशनचं रॉकेल महिनाभर आलेलं नाही, स्टोव्ह माळ्यावर टाकलाय, सगळं शेगडीवर करतेय, डोळे चुरचुरतात. आणि खाली, वडिलांना सांग, एकदा येऊन जा.

आईनं ते पत्र काकांना दाखवलं. काकांनी वाचलं, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवलं. ते जायच्या आधीच तार आली. पोलिसांपुढे पत्र कुणी काढलं नाही. घरात लग्नाच्या अजून दोन मुली होत्या, पोलीस-कोर्ट झालं तर त्यांना कोण करून घेईल? त्यांतली एक माझी आई. "पुढच्या वर्षी माझं लग्न झालं," आई म्हणाली. "हळद लावून घेतली आणि मी गप्प बसले."

त्या दिवशी त्या घरात काय घडलं, ते मी सांगू शकत नाही. मी तिथे नव्हते, आणि आता पुरावाही नाही. पण पुरावा होता, एवढं मात्र खरं.

दाखवणं वेगळं, सांगणं वेगळं

"झाकली मूठ सव्वा लाखाची" हे आपण मुलींना शिकवतो. या कादंबऱ्या वाचून आणि आईचं ऐकून मला वाटू लागलंय की मुठीत काय आहे ते आधी पाहावं. कुणाचं दुखणं, कुणाची चूक, नवरा-बायकोची कुरबुर असेल, तर मूठ झाकलेलीच बरी. पण मुठीत कुणाचा जीव असेल, तर ती झाकणारे सगळेच त्यात सामील होतात. आणि कॅमेरा हा काही त्यावरचा इलाज नव्हे. कॅमेऱ्याला खरंखोटं नको असतं, त्याला बघणारे हवे असतात. सांगायचं असतं ते घरातल्या माणसांना, आणि वेळेवर सांगायचं असतं ते पोलिसांना.

आज टीव्हीवाले यायची गरजही उरलेली नाही. प्रत्येकीच्या पर्समध्ये कॅमेरा आहे. म्हणून आमच्या घरापुरते मी काही नियम केले आहेत. पटले तर घ्या.

ज्याचं चित्रण करायचं त्याला आधी विचारायचं, मग ती सासू असो की पाच वर्षांचं पोर. रडणं, आजारपण, भांडण कधीही चित्रित करून कुणाला पाठवायचं नाही. आईची ती आठ मिनिटांची फीत पोरीला नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची होती. आम्ही टाकली नाही. ती आईच्या स्वाधीन केली.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, सासरी गेलेल्या मुलीचं पत्र म्हणा, निरोप म्हणा, "एकदा येऊन जा" असा आला, तर तो पुसून टाकू नका. जपून ठेवा आणि त्याच दिवशी निघा. तेव्हा कायदा तोकडा होता. सासरच्या छळाचं कलम १९८३ च्या अखेरीस आलं, हुंडाबळीचं १९८६ साली. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई जळून किंवा संशयास्पद रीतीनं गेली आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर जाब सासरच्यांना द्यावा लागतो. २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेतही ही दोन्ही कलमं आहेत. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे, आणि तातडीच्या वेळी ११२. आत्ताच फोनमध्ये नोंदवून ठेवा.

लेकीच्या उपक्रमाच्या तक्त्यावर आता मावशीचंही नाव आहे. आईनं स्वतः लिहिलं, जन्माचं साल आणि जाण्याचं साल. पुढे स्टोव्हचं वाक्य लिहिलं नाही. पोर विचारते, "मग ती कशानं गेली?" आई म्हणते, "आम्ही वेळेवर गेलो नाही गं." एवढं उत्तर चौथीतल्या मुलीला सध्या पुरे. बाकीचं ती मोठी झाल्यावर मी सांगेन.

तुमच्या घरातही असं एखादं पाठ केलेलं वाक्य आहे का हो? कुणी पडून गेलेली, कुणी पाय घसरून विहिरीत? घरातल्या सर्वांत वयस्क बाईशेजारी एकदा निवांत बसा आणि विचारा. फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा.