पशुविज्ञानाचा अभ्यास

मुलांनो, तुम्ही गाय, बकरी आणि कोंबडी पाहिली आहेत. पण गाईला ताप आला आहे हे कसे ओळखायचे? तिला कोणता चारा द्यायचा? अशा प्रश्नांची उत्तरे ज्या शास्त्रात मिळतात, त्याला पशुविज्ञान म्हणतात.

आपल्या मॉरिशस देशात रेद्वी येथे विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १९६५ साली झाली. तेथे शेतीशास्त्राची पदवी घेता येते. शेती म्हणजे केवळ ऊस आणि भाजीपाला नव्हे. जनावरे पाळणे हाही शेतीचाच भाग आहे. म्हणून शेती शिकणारे विद्यार्थी पशुविज्ञानही शिकतात.

ते प्रथम जनावराच्या शरीराची माहिती घेतात. निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. निरोगी गाईचे मात्र सुमारे ३८.५ अंश असते. हे ठाऊक नसेल, तर चांगल्या गाईलाच आजारी समजून औषध दिले जाईल!

गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. ती घाईघाईने गवत गिळते. मग निवांत बसून तेच गवत पुन्हा तोंडात आणून चावते. याला रवंथ करणे म्हणतात. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. तेच गवत पचवायला मदत करतात. चारा एकदम बदलला, तर या जिवांना तो मानवत नाही व गाय आजारी पडते. म्हणून नवा चारा थोडा थोडा वाढवत द्यावा लागतो.

आपल्याकडे ऊसतोडणीच्या दिवसांत गाईंना वाढे, म्हणजे उसाच्या शेंड्याची हिरवी पाने, घालतात. त्याने पोट भरते. पण वाढ्यांत प्रथिने कमी असतात. त्यांच्या जोडीला आणखी काय द्यावे, याचा हिशेब विद्यार्थी शिकतात.

गाय व्यायली की पहिले काही दिवस तिला दाट, पिवळसर दूध येते. त्याला चीक म्हणतात. त्याचा खरवस आपल्याला आवडतो. पण त्यावर पहिला हक्क वासराचा! चिकातून वासराला रोगाशी लढण्याची शक्ती मिळते. तो जन्मानंतर पहिल्या काही तासांतच पाजावा लागतो. उशीर झाला, तर त्याचा पुरेसा उपयोग होत नाही.

२०१६ साली रॉड्रिग्ज बेटावर आणि मॉरिशसमध्ये जनावरांना लाळ-खुरकूत रोग झाला. या रोगात तोंडात आणि खुरांजवळ फोड येतात. पुष्कळ जनावरे गेली. पाळणाऱ्यांचे फार नुकसान झाले. हा रोग बुटांना व गाडीच्या चाकांना लागलेल्या घाणीतूनही पसरतो. म्हणून गोठ्यात जाताना व बाहेर येताना बूट नीट धुवावे लागतात. गोष्ट लहान आहे, पण तिने अनेक जनावरांचे प्राण वाचू शकतात.

पशुविज्ञान शिकलेला माणूस जनावरांचा डॉक्टर नसतो. त्यासाठी वेगळे शिक्षण घ्यावे लागते. डॉक्टर आजार बरा करतो. पशुविज्ञान जाणणारा जनावर आजारी पडू नये म्हणून चारा, पाणी आणि गोठा यांची काळजी घेतो.

मुक्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही. ते ओळखायला माया हवी आणि ज्ञानही हवे.

प्रश्न
१. रवंथ करणे म्हणजे काय?
२. वासराला चीक लवकर का पाजावा?
३. गोठ्यातून बाहेर येताना बूट का धुवावेत?