गिअरबॉक्समधील बेअरिंग अकाली का जाते?

गाडी रस्त्याने चालली आहे. इंजिन ठीक, चाके ठीक. पण पायाखालून कुठून तरी बारीक घरघर ऐकू येते. वेग वाढला की तिचा सूर चढतो, कमी झाला की उतरतो. आपण म्हणता, ‘गाडी जुनी झाली, चालायचेच!’ मिस्त्री म्हणतो, ‘बेअरिंग गेले, नवे टाकू.’ बेअरिंग गेले हे खरे. पण ते नुसत्या म्हातारपणाने जाते असे नाही. पुष्कळदा त्याचा अकाली बळी गेलेला असतो. कारण न शोधता नवे बसवले, तर त्याचीही तीच गत!

बेअरिंग म्हणजे पोलादाची दोन कडी आणि त्यांच्यामध्ये फिरणारे छर्रे किंवा रोलर. गिअरबॉक्समधले शाफ्ट यांच्याच आधाराने फिरतात. छर्रा आणि कडे यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका, कधी त्याहूनही पातळ. बेअरिंगचे आयुष्य आहे ते त्या पापुद्र्यावर.

आता पहिला शत्रू पाहा : तेलातला कचरा. दातऱ्यांच्या घर्षणाने पोलादाचे बारीक कण सुटतात. कण छर्ऱ्याखाली चिरडला की कड्यावर खळगा पडतो, खळग्याच्या काठाचे पोपडे निघतात आणि ते पोपडे पुन्हा तेलातच मिसळतात. इंजिनाच्या तेलाला गाळणी असते. हाताने गिअर बदलायच्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सला ती नसते.

दुसरा शत्रू, तेलाची उणीव. ऑइल सीलमधून थेंब थेंब तेल गळते आणि समोरच्या काट्यांवर त्याची काही वर्दी येत नाही.

तिसरा शत्रू पाणी. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. अशा वेळी हवेच्या छिद्रातून किंवा सीलमधून पाणी आत शिरू शकते. तेल दुधाळ दिसले, तर ते लगेच बदलावे. गाडी चालते आहे म्हणून थांबलात, तर आत गंज चढू लागतो.

चौथा शत्रू, भार. छर्ऱ्यांच्या बेअरिंगचा हिशेब असा, की भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मे नव्हे, एक अष्टमांश होते. चढावर गाडी कण्हत असताना टॉप गिअर न सोडणारा चालक भार वाढवतो. शिवाय कमी वेगात तेलाचा पापुद्राही पातळ होतो.

पाचवा शत्रू हातोडा. बेअरिंग शाफ्टवर बसवताना बाहेरच्या कड्यावर ठोकले, की तो घाव छर्ऱ्यांमधून आतल्या कड्याला बसतो. गाडी गॅरेजमधून निघते तीच जखमी बेअरिंग घेऊन!

गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी एक साधी परीक्षा करा. गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून इंजिन चालू ठेवा. आवाज येत असेल आणि क्लच दाबताच थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर दोष बहुधा क्लचच्या रिलीज बेअरिंगचा. मग गिअरबॉक्स खोलण्याचे कारण नाही. २०१४ पर्यंत बनत असलेल्या अँबॅसडरसारख्या गाडीत इतर गिअरमध्ये घरघर आणि टॉपमध्ये शांतता असेल, तर खालच्या ले-शाफ्टकडे पाहावे. कारण टॉपमध्ये ओढीचा भार त्याच्यावर येत नाही.

घरघर अंगावर काढू नका. बेअरिंग ढिले झाले की शाफ्ट हलतो, दातऱ्या नीट जुळत नाहीत आणि एका बेअरिंगचा खर्च साऱ्या गिअरबॉक्सवर जातो.

शेवटी एकच विनंती. जुने बेअरिंग मिस्त्रीकडून मागून घ्या आणि उजेडात धरून पाहा. निळसर-तपकिरी झाले असेल, तर तेल कमी पडले असावे. गंज असेल, तर पाणी शिरले. बारीक खळगे सर्वत्र असतील, तर कचरा. छर्ऱ्यांच्या अंतराने सारखे वण असतील, तर हातोडा. मेलेले बेअरिंग आपल्या मरणाचे कारण अंगावर लिहून ठेवते. ते वाचा, म्हणजे नव्याला दीर्घायुष्य लाभेल.