आवडीची तुलना : डावपेचांचे खेळ आणि कृतिप्रधान खेळ

‘मला हा खेळ अधिक आवडतो’ हे विधान तुलनात्मक लेखनाचा आरंभ ठरू शकते, निष्कर्ष नव्हे. तुलनेसाठी दोन्ही बाजूंना लागू पडणारा समान निकष आवश्यक असतो.

संगणकावरील खेळांचे उदाहरण घ्या. ‘एज ऑफ एम्पायर्स’ (१९९७) या डावपेचप्रधान खेळात साधनसंपत्ती जमवून राज्य उभारावे लागते. ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या कृतिप्रधान खेळात अचूक नेम आणि क्षणार्धातील प्रतिसाद निर्णायक ठरतात. ‘निर्णयासाठी मिळणारा अवधी’ हा निकष लावला की भेद स्पष्ट होतो. मात्र तो निरपवाद नाही. पहिल्या खेळात सर्व पक्ष एकाच वेळी हालचाली करतात, म्हणून तेथे वेगही लागतो. दुसऱ्यात संघाला योजनाही आखावी लागते.

बुद्धिबळाच्या पटावरही हेच दिसते. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपी यांच्याशी पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सोडवले. विजय मिळाला तो जलद टायब्रेकरमध्ये. खेळ तोच राहिला. अवधी बदलताच कसोटी बदलली.

म्हणून आपली आवड मांडताना ‘कोणता खेळ श्रेष्ठ?’ असे न विचारता ‘कोणत्या निकषावर तो मला रुचतो?’ असे विचारा. निकष स्पष्ट असेल, तर वेगळी आवड असणारा वाचकही आपले म्हणणे समजून घेऊ शकतो.

स्वयंअध्ययन प्रश्न : आपल्या आवडीच्या दोन खेळांची एकाच निकषावर तुलना करा आणि त्या निकषाची एक मर्यादा सांगा.