लष्करी रायफल ते शिकारी रायफल : .315 बोअर रायफलीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
अमळनेरच्या शेजारील धरणगाव येथे 1825 साली भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम खानदेशातील वाघांच्या शिकारीसाठीही प्रसिद्ध होता. तो काळ ठासणीच्या बंदुकीचा होता. त्याच शतकाच्या अखेरीस बोल्ट मागेपुढे सरकवून काडतूस भरणारी लष्करी रायफल प्रचारात आली आणि पुढे जगभर अशा जुन्या रायफलींचे शिकारी रायफलींत रूपांतर होऊ लागले. भारतात या रूपांतराला कायद्याने वेगळे वळण दिले. ते वळण आणि त्यातून निर्माण झालेल्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रूपांतराचे तंत्र :
लष्करी रायफल दूरवरच्या माणसाला जायबंदी करण्यासाठी, तर मोठ्या श्वापदाची रायफल जवळून येणारे जनावर तत्काळ थांबविण्यासाठी असते. त्यामुळे रूपांतरात केवळ लांब लाकडी दस्ता कमी करून भागत नाही. नळी, काडतुसाची कोठी, मॅगझिन, चाप आणि नेम धरण्याची साधने यांचाही विचार करावा लागतो. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बोल्टच्या पकडीचा असतो. जर्मनीने 1898 मध्ये स्वीकारलेल्या माउझर रायफलीत बोल्टला अडवून धरणारे दोन मुख्य उंचवटे पुढे, कोठीलगत असतात व तिसरा सुरक्षेसाठी मागे असतो. म्हणूनच माउझर रचना शिकारी रायफलींचा आधार ठरली. लंडनच्या रिग्बी कंपनीने 1911 मध्ये आणलेली .416 रायफल लांब माउझर रचनेवरच बेतलेली होती. मात्र नेहमीच्या लष्करी माउझरमध्ये .375 हॉलंड अँड हॉलंडसारखे लांब काडतूस बसविताना खालच्या उंचवट्याच्या आधाराजवळील धातू कापावा लागतो व त्या प्रमाणात मजबुती घटते.

याउलट ब्रिटिश-भारतीय सैन्याच्या ली-एनफील्ड रायफलीत हे उंचवटे बोल्टच्या मागील भागात असतात. बार उडताच बोल्ट दाबला जातो व त्याभोवतीची चौकट किंचित ताणली जाते. बोल्ट चालविण्याचा वेग ही या रचनेची ख्याती, तर अतिदाबाच्या काडतुसांना ती योग्य नसणे ही तिची मर्यादा होय.

कायदा आणि काडतूस :
इंग्रज राजवटीला बंडखोरांच्या हाती लष्करी काडतुसे पडण्याची धास्ती होती. याच कारणास्तव विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .450 व्यासाच्या शिकारी रायफलींवर भारतात बंदी आली. त्यांच्या गोळ्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीत वापरता येतील अशी भीती होती. परिणामी इंग्लंडच्या बंदूककारांनी .465 व .470 यांसारखे नवे व्यास काढले. .303 हे सैन्याचे काडतूसही सामान्य परवानाधारकास वर्ज्य होते. यावर उपाय म्हणून ऑस्ट्रियाच्या सैन्याचे 8 मि.मी. मॅनलिखर काडतूस .315 या नावाने येथे रूढ झाले. हे काडतूसही .303 प्रमाणेच बुडाशी कंगोरा असलेले असल्यामुळे ली रचनेत फारसा बदल न करता ते बसते. स्वातंत्र्योत्तर काळात पश्चिम बंगालमधील ईशापूर रायफल फॅक्टरीने याच रचनेवर .315 रायफल नागरिकांसाठी तयार केली, तर तिची काडतुसे पुण्याजवळील खडकीच्या कारखान्यात बनत आली. म्हणजेच येथे रायफलीला नागरी रूप मिळाले ते प्रामुख्याने काडतूस बदलल्यामुळे.

मर्यादा :
येथेच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सैनिकी घराण्यातील रायफल म्हणजे कोणत्याही श्वापदास पुरेशी, असे अनेकदा गृहीत धरले जाते. .315 ची गोळी साधारणतः 244 ग्रेन वजनाची, तर .375 ची 300 ग्रेन व .416 रिग्बीची 410 ग्रेन वजनाची असते. वेगातही .315 मागे पडते, त्यामुळे तिची ऊर्जा .375 च्या निम्म्याच्या आसपास राहते. हरिण वा रानडुक्कर यांसाठी ती पुरेशी ठरली, तरी गव्यासारख्या जनावराच्या बाबतीत जखमी प्राणी निसटण्याचा व नंतर माणसांवर उलटण्याचा संभव वाढतो. केवळ नवी नळी चढवून ही उणीव भरून काढणे म्हणजे रचनेला न पेलणारा दाब तिच्यावर लादणे होय; त्याचा धोका प्रथम चालविणाऱ्याच्याच चेहऱ्याला व डोळ्यांना असतो.

समारोप :
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नंतर शिकार हा छंद राहिलेला नाही. मानवी जीवितास धोकादायक ठरलेला किंवा उभ्या पिकाची हानी करणारा प्राणी मारण्यासही कलम 11 अन्वये सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. शस्त्राच्या बोअरमध्ये अनधिकृत बदल करणे हाही शस्त्र कायद्यानुसार गुन्हा ठरतो. सातपुड्याच्या पायथ्याशी पिकांच्या राखणीसाठी परवान्याची रायफल बाळगणाऱ्याने म्हणूनच तिचा इतिहास आणि तिची मर्यादा दोन्ही ओळखणे अगत्याचे आहे. शस्त्राचे सामर्थ्य त्याच्या लष्करी वंशावळीवर नव्हे, तर रचना, काडतूस आणि प्रयोजन यांच्या मेळावर अवलंबून असते, हाच या विवेचनाचा निष्कर्ष होय.